राखीव खेळाडूचा निबंध

माझ्या मुलीच्या निळ्या फाइलमध्ये तेवीस प्रमाणपत्रं आहेत. बालवाडीतल्या वेशभूषा स्पर्धेपासून (भाजीवाली, उत्तेजनार्थ) ते अकरावीतल्या गणिताच्या परीक्षेपर्यंत सगळी तारखेनुसार लावलेली, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि सुरुवातीला अनुक्रमणिका. तेरा-चौदा वर्षं ही फाइल मी सांभाळली. दोनदा घर बदललं, तेव्हा ती मी टेंपोत दिली नाही, मांडीवर घेऊन बसले.

त्यामुळे मुलीने बारावीत असताना दक्षिणेतल्या एका खासगी विद्यापीठाचा प्रवेश अर्ज आणून दाखवला, तेव्हा मला वाटलं, हे अर्ध्या तासाचं काम आहे.

तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि तिथेच शिकायचं होतं. तिच्या बाबांचं मत वेगळं. नाशकात इंजिनियरिंगची इतकी कॉलेजं असताना पोरीला हजार किलोमीटरवर आकडे मोजायला का पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न. दोघांचं महिनाभर चाललं. शेवटी मी एक कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘प्रवेश मिळाला तर : विद्यापीठ’. उजवीकडे लिहिलं ‘नाही मिळाला तर : नाशिक, इंजिनियरिंग, कुरकुर न करता’. खाली दोघांच्या सह्या घेतल्या आणि कागद फ्रिजवर लावला. असं केलं की घरातले वाद मिटतात, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. तिथेही असंच चालतं.

अर्जात उपक्रमांसाठी दहा रकाने होते. ते मी चहा निवायच्या आत भरले असते. अडचण त्याखालच्या चौकटीत होती. ‘यांपैकी तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा असा एकच उपक्रम निवडा आणि तो का, हे पाचशे शब्दांत लिहा.’ मार्कांवर पहिली चाळण होणार, पण मुलाखतीला बोलवायचं की नाही हे या निबंधावर ठरणार, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे चार वर्षं कुठे जाणार ते पाचशे शब्दांवर. मुदत रविवार संध्याकाळ पाच. दिवस हातात होते आठ.

मी तक्ता केला. उपक्रम, किती वर्षं, पातळी, प्रमाणपत्र आहे का, फोटो आहे का, लिहिण्यासारखं काही आहे का. प्रत्येकाला दहापैकी गुण. भरतनाट्यम पहिलं आलं. पाच वर्षं, तीन परीक्षा आणि मुकुट-बिकुट घातलेला चांगला फोटो. दुसरं गणित. तिसरं वक्तृत्व, जिल्हा पातळी. तक्ता घेऊन मी तिच्या खोलीत गेले.

तिने तो पाहिलाही नाही. “आई, मी खो-खोवर लिहिणारे.”

“कशावर?”

“खो-खो.”

खो-खो माझ्या तक्त्यात चौदावं होतं. तीन वर्षं, तीन प्रमाणपत्रं, तिन्हीवर एकच शब्द : सहभाग.

“तू खेळलीस कधी?” मी विचारलं.

“तीन वर्षं.”

“टीममध्ये होतीस. मी विचारतेय, खेळलीस कधी?”

तिने प्रामाणिकपणे विचार केला. तिची ही सवय मला कधी कधी फार जड जाते. “सामन्यात नाही,” ती म्हणाली. “मी राखीव होते.”

“तिन्ही वर्षं?”

“तिन्ही.”

“मग पाचशे शब्द कशाचे लिहिणार? बसण्याचे?”

“हो, बहुतेक,” ती म्हणाली.

खो-खो मीच लावलं होतं, तेही मोबाइल सुटावा म्हणून. नववीत चष्म्याचा नंबर वाढला, डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत पाठवा, आणि इंदिरानगरातलं आमच्या घराजवळचं मैदान तेवढं मोकळं होतं. तिथल्या मंडळात दोन प्रकारच्या मुली होत्या. आमच्यासारख्यांच्या, डॉक्टरांनी पाठवलेल्या; आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ तालुक्यांतून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या, ज्या खरोखर खेळायच्या. त्या मुली धावताना जमिनीला पाय लागल्यासारखे दिसायचे नाहीत. माझी मुलगी धावताना सगळ्या इंदिरानगरला कळायचं. संध्याकाळी सहाला मी तिला स्कूटरवरून सोडायची आणि तिथेच स्कूटरवर बसून दुसऱ्या दिवशीची यादी करायची. खेळाकडे माझं लक्ष नसायचं. तिचे सामने मी दोनच पाहिले. दोन्ही वेळा ती कडेला मांडी घालून वहीत काहीतरी लिहीत होती. पोरगी सामन्यालाही अभ्यास घेऊन जाते, याचं मला केवढं कौतुक वाटलं होतं! ऑफिसात चारचौघींना सांगितलं होतं.

“भरतनाट्यम लिही,” मी म्हटलं.

“मला ते आवडत नव्हतं.”

“पाच वर्षं?”

“तू फी वर्षाची भरायचीस.”

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी मी तिला कॉलेज रोडवरच्या एका काउन्सेलर मॅडमकडे नेलं. माझ्या मैत्रिणीच्या मुलाचं काम त्यांनी केलं होतं. मॅडमनी फाइल चाळली. फाइल नीट ठेवली आहे असं म्हणाल्या, आणि ते तेवढं वाक्य मला बरं वाटलं.

“पण ताई, डान्स सगळ्यांचाच असतो हो. माझ्याकडे या वर्षीच सात भरतनाट्यम आहेत. गणित तर विचारूच नका. काहीतरी वेगळं हवं. हे खो-खो काय आहे?”

“त्यात ती राखीव होती,” मी घाईने सांगितलं.

“टीममध्ये कोण कोण होतं?”

मुलीने सांगितलं. मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. “सुरगाण्याच्या मुली? आदिवासी? अगं, मग झालं ना! तू त्यांना इंग्लिश शिकवलं असशीलच.”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“कधीतरी? एखादा फॉर्म भरून दिला असशील, एखादं स्पेलिंग सांगितलं असशील.”

“असेल,” मी म्हटलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फाइलकडे पाहिलं.

“मग तेच लिहायचं. राखीव बिखीव आणायचंच नाही. शहरातली मुलगी, पाड्यावरच्या मुली, दोघींमधला पूल. लीडरशिप, समाजसेवा, दोन्ही आलं. त्यांना असलं फार आवडतं.”

स्कूटरवरून परत येताना आम्ही मुंबई नाक्याला थांबलो. सिग्नलला मागून आवाज आला, “आई, मी कुणालाही इंग्लिश शिकवलेलं नाही.”

“एक शब्द तरी?”

“त्यांना माझ्याएवढं येतं. कॅप्टनला माझ्यापेक्षा जास्त येतं.”

“मग मराठी?”

मागून हसण्याचा आवाज आला. सिग्नल सुटला होता आणि मागचे रिक्षावाले हॉर्न मारत होते, म्हणून मी स्कूटर काढली.

आता जे केलं ते सांगते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, डबा बाजूला ठेवून मी तो निबंध स्वतः लिहिला. माझं इंग्रजी पत्रव्यवहाराचं आहे, पण त्या दिवशी मला सुचत गेलं. डोंगरांतून आलेल्या मैत्रिणी होत्या. त्यांच्या डोळ्यांत स्वप्नं होती. मैदानाच्या कडेला लावलेला शब्दांचा दिवा होता. चारशे अठ्ठ्याण्णव शब्द झाले. दोन कमी पडले याचं तेवढं वाईट वाटलं. मुदतीच्या दोन दिवस आधी काम पूर्ण करून मी तिला तो मेल केला आणि यादीतल्या ‘निबंध’ या ओळीवर रेघ मारली.

शनिवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. ती बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. फोन स्पीकरवर होता.

“काकू, मी बोलते,” पलीकडून आवाज आला. तिची कॅप्टन. सुरगाण्याची मुलगी, हिच्याहून दोन वर्षांनी मोठी. अजून नाशकातच वसतिगृहात राहते, खेळते, आणि पोलीस भरतीची तयारी करते. “चष्मिषनं तुमचा निबंध वाचून दाखवला. लय भारी लिवता तुम्ही. रडूच आलं.”

“अगं, ते…”

“पण काकू, कोणी कोणाला शिकवलं? हिनं? हिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती! अर्ध्या मैदानात सुटायची, आन् मग हीच तिच्यात अडकून पडायची. रोज मी बांधून द्यायची, दोन गाठी मारून. ते कुठं हाय त्याच्यात?”

मुलगी दाराला टेकून शांतपणे ऐकत होती. हा तिचा सूड होता, आणि तो नीट योजलेला होता.

“बाळा, अर्जात तसं लिहावं लागतं,” मी म्हटलं.

“का?”

माझ्या हातात ओला टॉवेल होता. तो मी दोनदा झटकला. “त्यांना आवडतं म्हणून.”

“आम्हाला नाय आवडलं,” ती म्हणाली. रागाने नाही, वरणात मीठ कमी आहे असं सांगावं तसं. “डोळ्यांत सपनं आन् काय काय. उद्या तिथल्या सायबानं आम्हाला फोन करून विचारलं, तर? मी तर सांगणार, नाडीचं.”

मी टॉवेल दोरीवर टाकला. वर चिमटा लावला.

“वहीचं लिवा ना,” ती पुढे म्हणाली. “एवढी वही असताना हे कशाला? चष्मिष, वही कुठं हाय तुझी?”

“नाहीये,” मुलगी म्हणाली.

“नाय म्हंजे?”

“गेली.”

“कोणती वही?” मी विचारलं.

मुलीने फोन माझ्यापुढे धरला. मग कॅप्टननेच सांगितलं. खो-खोत बचाव करणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. कोण कितव्या तुकडीत येणार, कोण किती वेळ टिकते, कोण गोल पळते, कोण बसलेल्या मुलींमधून नागमोडी जाते, कोण कुठल्या खांबाशी घुटमळते, हे सगळं माझी मुलगी कडेला बसून लिहून काढायची. आपला सामना नसला, तरी दुसऱ्यांच्या सामन्याला जाऊन बसायची. तीन वर्षांत तिने विभागातल्या जवळजवळ प्रत्येक संघाची माहिती जमवली होती. सामन्याआधी सगळ्या मुली तिच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या आणि ती वाचून दाखवायची. खो-खोचे सर बदली खेळाडू विचारण्याआधी वही विचारायचे.

“गेल्या साली उपांत्य सामना आम्ही वहीवर जिंकलो, काकू. त्यांची सात नंबरची पोरगी कुणाला सापडतच नव्हती. हिनं लिवलं होतं, तिसरा फेरा झाला की ती उजवीकडंच वळती. आम्ही तिथं थांबलो. आली ना बरोबर हातात! हिनं एक पाऊल टाकलं नाय, पण ती विकेट हिची.”

फोन ठेवल्यावर मी मुलीला विचारलं, “कसली वही होती ती?”

“लाँगबुक. नववीची. मराठीची. पुढे थोडं लिहिलेलं होतं, बाकी कोरी होती, म्हणून मागून वापरली.”

आणि मला ती डोळ्यांसमोर दिसली. पिवळं कव्हर, एक कोपरा फाटलेला.

दसऱ्याआधी आमच्याकडे आवराआवर होते. त्याची छापील यादी मी दर वर्षी कपाटाच्या आतल्या बाजूला लावते. ती बारावीत गेली त्या वर्षीचा सोळावा मुद्दा होता : नववी-दहावीच्या वह्या, रद्दी. ती वही मी हातात घेतली होती. उघडून पहिलं पान पाहिलंही होतं. पहिल्या पानावर निबंध होता, ‘माझा आवडता छंद : वाचन’. तो मीच तिला सांगितला होता, शब्दन् शब्द, पोळ्या लाटता लाटता. दहापैकी नऊ मिळाले होते. मी ते वाचलं, समाधानाने हसले आणि वही गठ्ठ्यात टाकली.

स्टोअर्समध्ये मी कधीही पोत्याच्या तोंडाशी पाहून माल पास करत नाही. तळाचा उपसून बघते. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हेच शिकवते. घरी मात्र मी पहिलं पान पाहिलं.

“तू सांगितलं का नाहीस?” मी जरा मोठ्यानेच विचारलं.

“तू म्हणाली होतीस, ज्याला जे हवं ते शुक्रवारपर्यंत बाजूला काढा. मी शनिवारी विचारलं. तोपर्यंत रद्दीवाला येऊन गेला होता.”

“मग तेव्हा बोलायचंस!”

“बोलून काय झालं असतं?” ती म्हणाली. “आणि शुक्रवारचं तू खरंच सांगितलं होतंस.”

दोष कुणाचा, हे मी मनातल्या मनात दोनदा मांडून पाहिलं. दोन्ही वेळा माझाच निघाला, आणि त्यामुळे मी दिवसभर सगळ्यांवर चिडले. नवऱ्याने विचारलं, आज भाजीत काही राहिलंय का. मी म्हटलं, भाजीत काही राहिलेलं नाही, आणि राहिलं असेल तर यादीत लिहून द्या.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मी रद्दीवाल्याच्या दारात उभी होते. मुदत संध्याकाळी पाचची. मला पक्कं माहीत होतं की काही मिळणार नाही. पण न विचारता ‘मिळालं नाही’ असं लिहायची मला सवय नाही.

“दसऱ्याची?” तो म्हणाला. “वहिनी, तिचा आता पुठ्ठा झाला असेल. त्या पुठ्ठ्यात भरून तुमच्याच घरी एखादा मिक्सर-बिक्सर आला पण असेल.”

“एकदा मागे बघता का?”

तो माझ्या समाधानासाठी मागे गेला, दोन गठ्ठे हलवल्याचा आवाज केला आणि परत आला. मी त्याला धन्यवाद दिले. आवाजाबद्दल.

घरी आले तर मुलगी टेबलाशी बसून टाइप करत होती आणि फोन शेजारी होता. “कॅप्टनने पाठवलंय,” म्हणून तिने तो माझ्याकडे सरकवला. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी कॅप्टनने पाठ करायला म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो काढला होता. तेवढं एकच पान उरलं होतं. फोटो तिरका, वर तिच्या अंगठ्याची सावली, खाली कसला तरी तेलाचा डाग.

मी चष्मा लावला. पेनने आखलेले रकाने. तुकडी, नंबर, किती वेळ टिकली, कुठून वळते, कशी बाद झाली. शेवटच्या रकान्यात शेरा. मुलीचं अक्षर एरवी कुत्र्याचे पाय मांजराला. इथे ते नीट होतं. सात नंबरपुढे लिहिलं होतं, ‘तिसऱ्या फेऱ्यानंतर उजवीकडे. दमली की केस घट्ट करते. तेव्हाच खो द्या.’

मी ते पुन्हा वाचलं. दमली की केस घट्ट करते. हे लिहायला त्या मुलीकडे किती वेळ बघत बसावं लागलं असेल! आणि तेवढा वेळ मी पन्नास फुटांवर बसून, पोरगी गृहपाठ करते आहे असं समजत होते.

“यावर तारीख नाहीये,” मी म्हटलं.

“आई.”

“नाही, म्हणजे तारीख हवी होती. बाकी बरोबर आहे.”

तिचा निबंध दुपारी तीनला झाला. तिने तो मला वाचायला दिला, हे मला अपेक्षित नव्हतं. पहिलंच वाक्य होतं, ‘तीन वर्षांत मी एकाही सामन्यात मैदानावर उतरले नाही.’

“हे खाली घे,” मी म्हटलं. “निदान दुसऱ्या परिच्छेदात. पहिल्याच ओळीत कुणी आपला कमीपणा सांगतं का?”

“कमीपणा कुठेय? खरंय ते.”

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं. “हा प्रवेश अर्ज आहे की राजीनामा?” तो म्हणाला आणि फ्रिजवरच्या कागदाकडे एक नजर टाकून, समाधानाने, झोपायला गेला.

मी पुढे वाचलं. नाडी होती. सात नंबर होती. शेवटी होतं की ती वही घरच्या साफसफाईत गेली, एक पान उरलं आहे ते सोबत जोडलं आहे, आणि बाकीचं तिला अजून बरंचसं पाठ आहे. साफसफाई कुणी केली, ते लिहिलं नव्हतं. मी तिथे क्षणभर थांबले. मग स्वल्पविराम तपासले. ते सगळे बरोबर होते. चार वाजून दहा मिनिटांनी तिने बटण दाबलं. मी तिचे आभार मानले नाहीत, पण संध्याकाळच्या पोह्यांवर तिच्या बशीत ओलं खोबरं जरा जास्त घातलं. तिने ते पाहिलं आणि आधी तेच खाल्लं.

मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन होती. मी अठरा संभाव्य प्रश्नांची उत्तरांसकट यादी करून दिली होती. ती टेबलावर पालथी पडलेली मला दाराच्या फटीतून दिसत होती. त्यांनी अठरापैकी एकही विचारला नाही. एका बाईंनी विचारलं, तुला एकदाही खेळवलं नाही, अन्याय वाटला नाही का?

“नाही,” माझी मुलगी म्हणाली. “नऊजणी खेळतात. माझ्यापेक्षा चांगल्या नऊजणी होत्या. वही माझ्याकडेच होती, मला माहीत होतं.”

दाराबाहेर मी कपाळावर हात मारून घेतला. आपल्याला घेऊ नका, हे इतक्या मुद्देसूदपणे सांगणारी मुलगी मी जन्माला घातली.

निकाल गेल्या आठवड्यात आला. प्रवेश मिळाला नाही. नाकारलाही नाही. प्रतीक्षायादी, क्रमांक चार.

म्हणजे पुन्हा राखीव. मी दहा मिनिटं स्वयंपाकघरात भांडी नको तितक्या जोरात लावली. तेवीस प्रमाणपत्रं, तक्ता, काउन्सेलर, रद्दीवाला, आणि शेवटी ही कडेला मांडी घालून बसणार ती बसणारच!

“ठरल्याप्रमाणे,” नवरा फ्रिजकडे बोट दाखवत म्हणाला, “नाही म्हणजे नाशिक.”

“प्रतीक्षायादी म्हणजे नाही नव्हे, बाबा.”

“हो पण नव्हे.”

दोघं माझ्याकडे बघायला लागले. कागद माझा होता. त्यावर दोनच रकाने होते आणि दोन्हीत हे बसत नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या कागदात न बसणारी गोष्ट घरात घडली नव्हती. घडली असली, तरी मी ती कुठल्या तरी रकान्यात कोंबली होती. ही कोंबायला मी पेन उचललंही. उजवीकडे टाकली असती, तर विषय तिथेच संपला असता. नवरा खूश झाला असता, आणि मुलगी कुरकुर न करता इंजिनियरिंगला गेली असती, कारण सही केली होती. ती सही मोडणारी नाही. तेच मला सहन होईना.

मी कागदावर दुसरी रेघ मारली. जागा नव्हती, त्यामुळे रकाना अरुंद झाला. वर लिहिलं, ‘राखीव’. खाली लिहिलं, ‘शेवटची यादी लागेपर्यंत थांबायचं. इंजिनियरिंगचा फॉर्म भरून ठेवायचा, पण विद्यापीठाने बोलावलं तर जायचं.’ आधी स्वतः सही केली. मग पेन नवऱ्याकडे दिलं.

“हे नियमात नव्हतं,” तो म्हणाला.

“आता आहे. सही करा. आणि तारीख घाला.”

त्याने केली. कुरकुर करत केली, पण तारीख घातली.

मुलीने संध्याकाळी कॅप्टनला फोन लावला. मी तिथेच पालक निवडत होते. स्पीकर सुरूच होता. आता आमच्या घरात तो बंद होत नाही.

“कितवा नंबर?” कॅप्टनने विचारलं.

“चार.”

“वरच्या तिघी कोण हायत, बघितलं का?”

“नावं नाही दाखवत.”

“मग बघ की कुठून तरी. तुझं कामच हाय ते,” कॅप्टन म्हणाली. “आन् काकूंना सांग, टेन्शन नका घेऊ. तीन-चार जणी गळतातच. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाचं लगीन ठरतं.”

हे लिहिते आहे तेव्हा ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. मी दर तासाला उघडून बघते. ती रोज एकदाच बघते, सकाळी, आणि एका नव्या लाँगबुकमध्ये काहीतरी टिपून ठेवते. काय लिहिते ते मी विचारलेलं नाही. कव्हरवर मात्र मोठ्या अक्षरांत मी माझ्या हाताने लिहिलं आहे : रद्दी नाही.